‘चौतीस होईल तुम्हाला!’ : ब्राचं माप ठरवणार कोण?

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजचा विषय आहे ब्रा. बघा, मी मोठ्यानं म्हटलं आणि काहीही कोसळलं नाही. मुलगे ऐकत असतील तर त्यांनीही थांबा. घरात आई आहे, बहीण आहे, उद्या बायको असेल. आणि यात लाजण्यासारखं काहीच नाही.

माझी पहिली ब्रा आईनं घेऊन दिली. ती तिला ‘बॉडी’ म्हणायची. काउंटरच्या पलीकडे एक काका उभे. आई हळूच काहीतरी पुटपुटली, काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “बत्तीस होईल.” टेप नाही, ट्रायल नाही. पेपरात गुंडाळलेलं पुडकं आईच्या पिशवीत गेलंसुद्धा. कॉलेजला गेल्यावर तेच दुकान, तीच नजर. “आता चौतीस होईल.”

पुढची कित्येक वर्षं मी ३४ बी घातली. खांद्यावरचा पट्टा सारखा घसरायचा. मागचा हुक पाठीवर वर चढायचा. संध्याकाळी घरी आलं की पहिलं काम ती काढून फेकायचं, खाली लाल वळ उठलेले. आणि मला काय वाटायचं माहितीये? माझे खांदेच उतरते आहेत. माझ्याच अंगात काहीतरी बिघाड आहे. ब्रा चुकीची असेल, हे डोक्यातच आलं नाही.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. ब्रा बसत नसेल तर चूक तुमच्या अंगाची नाही, मापाची आहे. आणि माप घरी, दार बंद करून, पाच मिनिटांत घेता येतं.

शिवणकामाची टेप घ्या. नसेल तर नाडी गुंडाळा आणि ती पट्टीवर मोजा. पहिलं माप छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवर. टेप घट्ट धरा, श्वास सोडा आणि आकडा लिहा. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर. इथे टेप सैल ठेवा, दाबू नका. दोन्ही वेळा टेप मागे पाठीवरही सरळ आहे ना, हे आरशात बघा. पाळी यायच्या आधी अनेकींची छाती जड होते, दुखते. त्या दिवसांत मोजू नका.

समजा, खालचं माप आलं ३० इंच आणि वरचं ३५. आता खरी गंमत ऐका. माप काढायच्या दोन पद्धती बाजारात चालतात. एका पद्धतीत खालचं माप हाच ब्राचा आकडा. म्हणजे ३०. वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे कप. एक इंच म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डबल डी. म्हणजे तुमचा साइझ ३० डबल डी.

दुसरी, जुनी पद्धत म्हणते, खालच्या मापात ४ इंच मिळवा. झाले ३४. आता ३५ वजा ३४, फरक एक. म्हणजे ३४ ए!

बाई तीच, टेप तीच. एका हिशोबानं ३० डबल डी, दुसऱ्या हिशोबानं ३४ ए. त्यामुळे “तुझा साइझ काय?” याचं उत्तर एक आकडा नाहीच. तुमचे खरे आकडे हे दोनच, ३० आणि ३५. ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, सेंटिमीटरमध्येही. ऑनलाइन घेताना त्या ब्रँडचा चार्ट उघडा आणि या दोन आकड्यांसमोर काय लिहिलंय ते बघा. दुसऱ्या ब्रँडचा चार्ट वेगळा असेल, तर साइझही वेगळा निघेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

अजून एक गैरसमज. ‘डी म्हणजे खूप मोठी.’ नाही हो! नुसत्या डी ला काही अर्थ नाही, तो पुढच्या आकड्याबरोबरच वाचायचा. ३४ बी, ३२ सी आणि ३६ ए, या तिन्हींचा कप साधारण सारखाच असतो, फक्त खालचा पट्टा कमी-जास्त. म्हणून ३४ बी चा कप नीट बसतोय पण पट्टा सैल आहे, तर थेट ३२ बी मागू नका. ३२ सी मागा.

आता घालून बघायची परीक्षा. नवीन ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढे सैल होतंच, तेव्हा आतले हुक कामी येतात. पट्टा पुढे आणि मागे एका रेषेत हवा. पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ नाही. कपातून वर किंवा काखेकडे बाहेर येत असेल तर कप लहान, कपाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. तार असेल तर ती छातीखालच्या घडीत बसावी, छातीवर नाही. दोन्ही बाजू थोड्या लहान-मोठ्या असणं अगदी सामान्य आहे. मोठ्या बाजूच्या मापानं घ्या.

शेवटी खांद्यावरचे पट्टे खाली सोडा. ब्रा तरी जागेवर राहिली पाहिजे. कारण वजन मुख्यतः खालच्या पट्ट्यानं पेलायचं असतं, खांद्यांनी नाही. माझ्या खांद्यांची काही चूक नव्हती. पट्टा सैल होता, म्हणून सगळा भार त्यांच्यावर येत होता.

माझी एक मैत्रीण पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. ही दोन ब्रा एकावर एक घालून पळायची. छाती आवळलेली, श्वास अपुरा. मोजून घेतलेली स्पोर्ट्स ब्रा घातल्यावर म्हणाली, “अगं, मला दम लागतो असं मी समजत होते. मला श्वासच घेता येत नव्हता!”

दुकानात काय करायचं? आधी विचारा, ट्रायल आहे का? नसेल तर टॅग न काढता बदलून देणार का? दोन्हीला नाही म्हणाले तर एकच घ्या, तीनचा सेट नको. आणि घरी आणल्यावर ती ओढणीखाली लपवून वाळत घालू नका. ओलसर राहते, मग खाज, पुरळ. मोकळ्या हवेत घाला. रोज तीच वापरू नका, इलॅस्टिकला एक दिवस सुट्टी द्या. अजून एक, तारेच्या किंवा काळ्या ब्रानं कॅन्सर होतो, असा पुरावा नाही. पण गाठ लागली तर ब्राला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि घरात ब्रा घालायची नसेल तर नका घालू, तीही तुमचीच मर्जी.

माझं माप नीट कळल्यावर मी टेप घेऊन आईकडे गेले. “आई, तुझंही घेऊ?” “माझं काय आता या वयात!” पण उभी राहिली. तिच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल खड्डे पडलेत. लहानपणापासून बघत आले होते, मला वाटायचं आईचे खांदे असेच असतात. माप घेतलं. ती इतकी वर्षं घालत होती त्यापेक्षा पट्टा दोन साइझ कमी निघाला आणि कप बराच मोठा. नवीन घालून तिनं आरशात बघितलं, हात वर केले, खाली केले. म्हणाली, “हे आधी कुणी का नाही सांगितलं गं?”

तर आज रात्री टेप शोधा. आधी स्वतःचं माप घ्या, मग आईला हाक मारा. आणि हा एपिसोड त्या मैत्रिणीला पाठवा, जी आत्ता खांद्यावरचा पट्टा सावरतेय. भेटू पुढच्या वेळी!