माइक चालूच होता
(बिलासपूर येथे उत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो, तेव्हापासून माझे बोलणे रिले आणि केबलशीच. पण गेल्या वर्षी याच मांडवात जे झाले, त्याचा खुलासा करायचा राहून गेला आहे.

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. अकराव्या वर्षी निदान झाले, आज ती सतरा वर्षांची आहे. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोळ्यांनी भागत नाही, तिला दिवसातून चार वेळा टोचून घ्यावे लागते. १९२२ साली टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन दिले, तो मुलगाही चौदाच वर्षांचा होता. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत.

आम्ही हे कॉलनीत लपवले. ‘उद्या लग्नाचे बघताना अडचण नको,’ असे आम्ही घरात बोललो आणि ते तिने ऐकले. मग तीही लपवायला शिकली. शाळेत बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घ्यायची, मैत्रिणी बरोबर असल्या तर चुकवायची. रागावलो मी तिच्यावर; शिकवले कोणी होते?

त्या दिवशी इन्सुलिन घेऊन ती मांडवात आली. आरती लांबली, जेवण राहिले. साखर उतरली. दरदरून घाम, हात थरथरलेले, मटकन खाली बसली. कोणी म्हणाले उपास असेल, कोणी वारा घातला. आरतीचा माइक माझ्या हातात. मी ओरडलो, “तिला डायबिटीस आहे, साखर द्या!” सगळ्या कॉलनीने ऐकले. आणि एका काकूंनी पुढे आलेला पेढा मागे ओढला, “अहो, डायबिटीसला साखर?”

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. यंदा म्हणाली, “बाबा, अर्धेच सांगितलेत, आता पूर्ण सांगा.” म्हणून उभा आहे.

माइकशेजारच्या डब्यात ग्लुकोज ठेवले आहे, वर तिच्याच अक्षरातला कागद आहे. शुद्ध असेल तर तीन चमचे पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना.

आणि काकू, मोदक ती खाते. हिशेब करून, इन्सुलिन घेऊन. तिच्या ताटातला उचलू नका.

गणपती बाप्पा मोरया!