शरीराबाहेरचें फुप्फुस

बोस्टन शहरांतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत १९३०-३१ च्या सुमारास एका रात्रीं जॉन गिबन नांवाचा तरुण डॉक्टर एका रुग्ण स्त्रीच्या उशाशीं बसला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेंतून ती सांवरते न सांवरते तोंच फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनींत गुठळी अडकली होती. गिबन दर पंधरा मिनिटांनीं तिची नाडी व रक्तदाब टिपून घेत होता. तिच्या शिरा फुगत होत्या, त्यांतील रक्त काळवंडत होतें. अखेर त्याचे वरिष्ठ डॉ. चर्चिल यांनीं अवघ्या साडेसहा मिनिटांत गुठळी काढली. तरी बाई वांचली नाहीं. हें काळें रक्त शिरांतून बाहेर घेऊन, त्यांत प्राणवायु मिसळून, पुनः रोहिणींत सोडतां आलें असतें तर? हा प्रश्न त्या रात्रीं गिबनच्या मनांत शिरला, तो पुढें बावीस वर्षें निघाला नाहीं.

प्रश्न सोपा दिसतो. हृदयाचें काम तसें पाहिलें तर पंपाचें आहे, व पंप मनुष्यास पूर्वीपासून ठाऊक आहे. अडतें तें फुप्फुसापाशीं. त्यांतील कोट्यवधि वायुकोश उलगडले तर पृष्ठभाग सुमारें ७० चौरस मीटर भरतो. आणि रक्त व हवा यांमधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. स्वस्थ पडलेल्या मनुष्याच्या हृदयांतून मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त जातें व तें शरीरास सुमारें २५० घन सेंटिमीटर प्राणवायु पोंचवितें. एवढें काम यंत्राकडून करून घ्यावयाचें, तेंही रक्तकण न फोडतां, फेंस न होऊं देतां व रक्त न गोठूं देतां! परक्या पदार्थास शिवलें कीं रक्त गोठूं लागतें. हेपॅरिन हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळूं लागलें नसतें तर सारी कल्पना कागदावरच राहिली असती.

गिबन व त्याची पत्नी मेरी यांनीं फिरत्या नळकांड्याच्या आंतल्या बाजूवर रक्ताचा पातळ थर पसरून त्यावर प्राणवायु सोडण्याची युक्ति योजिली. प्रयोगास मांजरें लागत. तीं धरण्यासाठीं गिबन रात्रीं मासळीचें आमिष व गोणपाटाची पिशवी घेऊन बोस्टनच्या गल्ल्यांतून हिंडे. थोरांच्या चरित्रांतून असल्या गोष्टी बहुधा गाळतात. वस्तुतः शोधाचा निम्मा इतिहास त्यांतच असतो. १९३५ सालीं मांजराची फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी चिमट्यानें बंद करून त्यांनीं त्यास यंत्रावर जिवंत ठेवलें.

मांजरावरून मनुष्यावर येण्यास मात्र युद्ध मध्यें पडलें. पुढें आय. बी. एम. कंपनीच्या एंजिनियरांनीं साह्य केलें. गुळगुळीत पृष्ठभागावरून वाहणाऱ्या रक्ताचा वरचाच थर प्राणवायु घेतो. तेंच उभ्या तारेच्या जाळीवरून सोडलें तर तें घुसळलें जातें व अधिक प्राणवायु शोषतें, हें फिलाडेल्फियांतील सहकाऱ्यांच्या ध्यानांत आलें. ६ मे १९५३ रोजीं तेथील जेफर्सन वैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयांत १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यांतील छिद्र गिबननें शिवलें. २६ मिनिटें तिचें हृदय व फुप्फुस यांचें सर्व काम यंत्रानें केलें. मुलगी बरी झाली.

पण त्यापूर्वीं एक बालक गेलें होतें, आणि त्या यशानंतर लवकरच आणखी दोन मुलें दगावलीं. गिबननें शस्त्र खालीं ठेवलें व हें काम पुनः स्वतः केलें नाहीं. त्याच्या यंत्राचे आराखडे घेऊन मेयो क्लिनिकमध्यें डॉ. कर्कलिन यांनीं १९५५ सालीं तें काम पुढें नेलें. त्याच वर्षीं मिनेसोटा विद्यापीठांत डिवॉल व लिलेहाय यांनीं निराळा मार्ग धरला: रक्तांत प्राणवायूचे सरळ बुडबुडेच सोडावयाचे, मग फेंस मोडणाऱ्या सिलिकोनच्या साह्यानें ते काढून टाकावयाचे. ज्या बुडबुड्यांस सर्व भीत होते त्यांनाच कामास जुंपलें! हें साधन स्वस्त व सुटसुटीत होतें, म्हणून झपाट्यानें पसरलें.

तथापि वायु रक्तास उघडा लागला कीं रक्ताची नासाडी होते. म्हणून दोहोंमध्यें पडदा आला. कोल्फ यांना आपल्या कृत्रिम मूत्रपिंडाच्या सेलोफेन नळींत रक्त लाल होतांना पूर्वींच दिसलें होतें. आजच्या यंत्रांत केसासारख्या बारीक, पोकळ प्लॅस्टिक तंतूंचा जुडगा असतो. आंतून वायु, बाहेरून रक्त. पृष्ठभाग असतो जेमतेम दोन चौरस मीटर. अशा यंत्रावर रुग्ण कित्येक दिवस, कधीं कित्येक आठवडे राहूं शकतो. मात्र तंतूंवर गुठळ्या सांठूं लागल्या कीं तो जुडगा बदलावा लागतो.