चिनी माणूस आणि आपले विनोद

आजचा भाग हसण्याबद्दल आहे, पण जरा अवघड जागेचा आहे. आपल्या विनोदातला चिनी माणूस.

आधी एक साधा प्रश्न. परभणीत, जिंतूरला, गंगाखेडला, पाथरीला राहणाऱ्या आपल्यापैकी किती जण खऱ्या चिनी माणसाशी पाच मिनिटं बोललेत? मी तर नाही बोललो. तरीपण तो कसा बोलतो, काय काय खातो, लेकराचं नाव कसं ठेवतो, हे आपल्याला तोंडपाठ आहे. जिन्यावरून ताट सोडायचं, जो आवाज येईल ते नाव. हा विनोद मी शाळेत ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला, आणि कोरोनात व्हॉट्सॲपवर परत ऐकला. न पाहिलेल्या माणसाची एवढी माहिती आली कुठून?

मराठी माणसाची चीनशी सगळ्यात जवळची ओळख म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ताट सोडून ठेवलेलं नाव नाही हे. डॉक्टर १९४२ मध्ये तिकडेच वारले, आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. त्यात चिनी बायकोचं काम जयश्रीबाईंनी केलं. नटी मराठी असली तरी त्या कामात चेष्टा नव्हती.

मग बारा वर्षांनी, १९५८ ला, 'हावडा ब्रिज' आला. त्यात चँग नावाचा खलनायक मदन पुरींनी केला आणि 'चिन चिन चू' म्हणत हेलन नाचली. मदन पुरी पंजाबी, हेलन बर्मात जन्मलेली. गाणं झकास आहे, मलाही आवडतं. पण साचा तिथं पक्का झाला. पुरुष असला तर अड्डा चालवणारा, बाई असली तर नाचणारी. चार वर्षांत युद्ध झालं आणि चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. यातल्या कित्येकांचा जन्म इथलाच. पडद्यावरचा चँग आणि कलकत्त्यात बूट शिवणारा चिनी यांच्यातला फरक बघायला कुणाला सवड नव्हती.

आता आपल्या वसमत रोडवरची चायनीजची गाडी घ्या. लाल पाटी, ड्रॅगनचं चित्र, ब्रशनं ओढल्यासारखी अक्षरं. कढईवर आपलाच पोरगा. मंचुरियन हा पदार्थ १९७५ मध्ये मुंबईत नेल्सन वँग यांनी काढला, असं सांगतात. ते स्वतः कलकत्त्याचे, चिनी वंशाचे भारतीय. म्हणजे पदार्थ मुंबईचा, चटणी आपली, आणि प्लेट हातात धरून विनोद मात्र झुरळाचे. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले, राग येणं बरोबरच होतं. पण तेव्हा रामदास आठवले साहेबांनी चायनीज विकणारी हॉटेलं बंद करा म्हटलं! चीनचं त्यात काय गेलं असतं? गेलं असतं ते गाडीवाल्याचं.

इथपर्यंत हसून सोडता येतं. टीव्हीवर आलं की मामला जड होतो.

२००७ ची 'इंडियन आयडल' आठवते? दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला, आणि त्याच पर्वात मियांग चँग हा चिनी वंशाचा, झारखंडचा मुलगा गात होता. तमांग जिंकल्यावर दिल्लीच्या एका रेडिओवाल्यानं गंमत केली की आता हे गायला लागले तर चौकीदारी कोण करणार. त्यावरून सिलीगुडीत दंगल होऊन संचारबंदी लागली. आणि तो चँग, त्याला २०२० मध्ये मुंबईत मोटारसायकलवरची पोरं 'कोरोना' म्हणून ओरडून गेली. त्यानंच सांगितलंय.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते २०२१ चं. एका डान्स शोमध्ये आसामची एक लहान मुलगी आली. सूत्रसंचालकानं तिची ओळख करून दिली मोमो, चाऊमीन आणि 'चिंग च्यांग' बोलून. सगळे हसले. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी निषेध केला, मग त्यानं खुलासा दिला की ती स्वतःच म्हणाली होती, मला चायनीज बोलता येतं. समजा, खरं धरू. मग आसामच्या लेकराला खोटं चायनीज बोलायला शिकवलं कुणी? आपण हसतो, ते बघून लेकरू ओळखतं की आपल्या चेहऱ्यावर हाच विनोद खपतो. तेच ते स्वतःच्या तोंडानं करून दाखवतं. मोठी माणसं म्हणतात, बघा, तिलाच मजा येते.

परभणीत शिकायला आलेली अरुणाचलची एक मुलगी मला म्हणाली, "सर, 'चिंकी' म्हटलेलं मला आता ऐकूच येत नाही. पण ऑटोवाला विचारतो, इंडियात कधी आलात?" आता अरुणाचल आमचं, असं बीजिंग म्हणतं. आपण चवताळतो. आणि इथं स्टेशनवर तिला हिशेबातून बाहेर काढतो. आणि ती खरंच चीनची असती तरी? कोटणीसांच्या घरातली सून तिथलीच होती.

आपल्या परभणीकरांना हे वेगळं समजवायला नको खरं तर. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' कुणी रचलं माहीत नाही, पण आपण ते आयुष्यभर ऐकतो. पुण्यात आपलं पोरगं 'काय करायलास' म्हटलं की समोरचा ओठ दाबतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात येडपट पात्र आलं की भाषा बहुतेक वेळा गावाकडची. तिथं आपल्याला लगेच कळतं की हसणं कुठल्या बाजूला आहे. कळतं की नाही?

आता गॅदरिंगचे दिवस येतील. कॉलेजच्या नाटुकल्यात डोळे बारीक करून 'शाब जी' म्हणणारा वॉचमन हमखास असतो, दरवर्षी टाळ्या घेतो. तुम्ही नाटुकलं बसवत असाल तर तो वॉचमन काढून बघा आणि किती हसू उरतं ते मला कळवा. निरोप व्हॉइस नोटनं पाठवला तरी चालेल. निवडक निरोप पुढच्या भागात ऐकवतो.