आजीचें जातें

नातवंडांच्या स्मरणांत आजी राहते ती बहुधा तिच्या आवाजानें. पहांटेच्या अंधारांत जात्याची घरघर सुरू होई आणि तिच्या संगतीनें ओवी उमटे. मांडीवर डोकें ठेवून निजलेलें नातवंड ती अर्धवट झोपेंत ऐके. आरंभीं देवाची ओवी, मग माहेरची, भावाची, लेकीची. आणि सासरीं जें मोठ्यानें बोलतां येत नसे, तेंही जात्यापुढें बोललें जाई.

पुढें पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वांचले, त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु जातें थांबलें तशी ओवीही थांबली; कारण तिला कागदाचा आधार नव्हता, कामाचा होता. १९८० नंतर हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून १,००,००० हून अधिक ओव्या टिपून घेतल्या, म्हणून तेवढ्या तरी उरल्या.

शहरांतील आजीनें जातें कदाचित् ओढलें नसेल. पण चातुर्मासांतील कहाणी, मेतकुटाचें प्रमाण, जुन्या लुगड्यांच्या गोधडीचा टांका आणि घराण्याच्या चार गोष्टी तिच्यापाशीं असतातच. त्या उतरून घेण्यास नातवंडांना एक वही पुरे. मात्र आजीला समोर बसवून प्रश्न विचारले, तर ‘त्यांत काय सांगायचें?’ म्हणून ती गप्प होते. तिच्या हातीं कांहींतरी काम असूं द्यावें. शेंगा सोलतां सोलतां ती सारें सांगून जाते.