रेशनकार्डावर न चढलेलं नाव

सून लग्न होऊन घरात येते. स्वयंपाक करते, सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळते, पाहुणेरावळे बघते. पण माहेरच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डावर अजून चढलेलं नसतं. दुकानदार म्हणतो, "बाई, तुम्ही घरातल्या असाल, माझ्या कागदावर नाही." चित्र, नृत्य, संगीत, नाट्य यांच्या आधारे होणाऱ्या उपचारांची आरोग्य विम्यात हीच गत आहे.

ती घरातली आहे यावर आता वाद नको. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 'कोलकाता संवेद'बरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला. संसदेने 2021 मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या सहयोगी व्यवसायांसाठी कायदा केला, त्याच्या यादीत कला आणि नृत्य उपचारक चक्क नावानिशी आहेत. म्हणजे लग्नाचा दाखलाही हातात आला.

आणि कार्डाचं काय? मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा, अंमल 29 मे 2018 पासून. त्याचं कलम 21 सांगतं की, शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला. तरीही दावे नाकारले जात होतेच. एक महिला दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने विमा कंपनीला कायद्याची आठवण करून दिली. इथवर ऐकून बरेच जण समाधानाने रेडिओ बंद करतील. करू नये. खरी मेख पुढेच आहे.

मेख म्हणजे खाट. बहुतेक पॉलिसींना रुग्ण चोवीस तास दवाखान्यात आडवा पडलेला लागतो. सलाईनची बाटली टांगलेली दिसली की कंपनीला आजार दिसतो. कला उपचाराचा रुग्ण आठवड्यातून एकदा स्वतःच्या पायांनी येतो, तासभर मातीत हात घालतो आणि बसने घरी जातो. अशाच बैठका नियमित झाल्या तर पुढचं भरती होणं कदाचित टळेलही. पण टळलेल्या भरतीचं बिल होत नाही, आणि बिल नाही तर दावा कसला! कायद्याने दार उघडलं, खाटेने ते अडवलं. हे पुन्हा सांगायला हवं, कारण लोक कायद्याचं कात्रण जपून ठेवतात आणि पॉलिसीचं पुस्तक उघडतसुद्धा नाहीत. त्यात 'बाह्यरुग्ण खर्च' ही ओळ आहे का, एवढं तरी पाहावं. विमा घेतानाच पाहावं, आजारपणात नव्हे.

थोरल्या जावेचं, म्हणजे आयुर्वेद-योगाचं नाव कार्डावर चढलं. तिच्यावरच्या रकमेच्या वेगळ्या मर्यादाही 2024 च्या एप्रिलपासून निघाल्या. धाकटी अजून दारात, हातात पिशवी.

तिच्यावरचा आक्षेप ठरलेला: ही तर करमणूक! अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने यावर सरळ उपाय काढला. दिवसा येऊन उपचार घेणाऱ्या मानसिक रुग्णांसाठी तिथे बिलाचा एक संकेतांक आहे, जी 0176. संगीत, नृत्य, चित्र किंवा खेळ यांतून केलेला उपचार, करमणुकीसाठी नव्हे, बैठक किमान 45 मिनिटांची. एका ओळीत कार्डावर नाव! प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना गटातल्या चित्रोपचाराचा खास फायदा दिसला नव्हता. पण कोणत्या आजारात काय उपयोगी, हा प्रश्न औषधांनाही विचारला जातो. म्हणून कुणी औषधाला करमणूक म्हणत नाही.

आपल्याकडे मात्र पावतीवर बिनदिक्कत 'डान्स क्लास, फी' असं लिहून दिलं जातं. मग विमावाला हसला तर दोष कुणाचा? मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी, आजाराचं नाव, बैठका किती आणि कशासाठी, उपचारकाची पात्रता, हे कागदावर हवं. दावा नाकारला तर नकार लेखी मागावा. आधी कंपनीकडे तक्रार, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही. पण पुन्हा तेच: पॉलिसीत बाह्यरुग्णाची ओळच नसेल, तर लोकपाल तरी ती कुठून आणणार?

खाट न मागता पैसे देणं अशक्य आहे, असं मात्र कुणी सांगू नये. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आणि त्यात बाह्यरुग्ण खर्च आणि नियमित थेरपी धरलेली आहे. अर्जाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते कुठे आणि कसं काढायचं, यातही एक गोम आहे, पण निवेदकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे.