पोरांच्या हाती चार गुंठे



गावोगावी एक तक्रार ऐकू येते, "शिकलेली पोरं शेताकडं फिरकत नाहीत." तक्रार खरी आहे. पण आपण पोराला शेतात नेतो ते कशाला? गवत काढायला, नाहीतर ढोरं राखायला. शेती म्हणजे नुसतं राबणं, अशी त्याची समजूत झाली तर नवल काय? सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या खेड्यांतही हीच अडचण होती. तिथं त्यावर काय उपाय केला, ते आज सांगतो.

ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड परिसरातल्या खेड्यांच्या शाळांचे अधीक्षक होते अल्बर्ट ग्रॅहम. १५ जानेवारी १९०२ रोजी त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या तळघरात १० ते १५ वर्षांची सुमारे ८५ मुलंमुली जमवली आणि मंडळ सुरू केलं. पुस्तकी धडा नव्हता. मुलांनी घरच्या शेतातली माती आणायची आणि लिटमस कागदानं ती आम्ल आहे का ते पाहायचं. निवडक बियाणं घेऊन मका लावायचा, भाजीपाला करायचा आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. कृषी संशोधन केंद्र आणि विद्यापीठ यांचीही मदत मिळाली.

अशीच मंडळं इतर राज्यांतही निघाली. १९१० साली दक्षिण कॅरोलिना राज्यात जेरी मूर या मुलानं एका एकरात २२८ बुशेल मका काढला. आपल्या हिशेबानं हे जवळजवळ ५८ क्विंटल होतात! त्याच वर्षी, त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचं टोमॅटो मंडळ काढलं. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपले चार गुंठे. टोमॅटो पिकवायचे, डबाबंद करायचे, विकायचे आणि जमाखर्च स्वतः ठेवायचा.

यात खरी गोम काय होती? तज्ज्ञाचं म्हणणं बाप ऐकत नव्हता. पण बांधापलीकडं पोराचं पीक आपल्यापेक्षा सरस उभं राहिलं, की तो विचारू लागे, "बाळा, बी कुठलं आणलंस?" असं नवं ज्ञान मुलांच्या वाटेनं घरात शिरलं. १९१४ साली अमेरिकेत कृषी विस्ताराचा कायदा झाला आणि मंडळांना सरकारी आधार मिळाला. पुढं त्यांना 'फोर-एच' हे नाव पडलं. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं ती. चार पानांचं हिरवं पान ही त्यांची खूण. आज पन्नासहून अधिक देशांत अशी मंडळं आहेत.

तेव्हा मंडळी, आपल्याला काय करता येईल?

१) मुलाला आणि मुलीलाही दोन-चार गुंठे नेमून द्या. पीक त्यांनाच ठरवू द्या.

२) एक वही द्या. बी, खत, पाणी, मजुरी, विक्री, सगळं त्यात लिहू द्या.

३) पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण त्यांच्याकडून तपासून घ्या. न निवडता १०० दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावं आणि ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा जास्त निघाले तर बी पेरण्याजोगं आहे.

४) आलेला पैसा मुलांच्याच हाती ठेवा. तो घरखर्चात ओढलात, की पुढच्या वर्षी वही कोरी राहील.

५) चार घरची मुलं एकत्र आणा. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना आणि कृषी सहाय्यकांना महिन्यातून एकदा बोलवा.

एखादं वर्ष पीक बुडेलही, बुडू द्या. ते का बुडालं, हे वहीत लिहिलं म्हणजे तेही शिक्षणच झालं. पुढं पोरगं शेती करील किंवा नोकरी करील, ते त्याचं तो ठरवील. पण शेती सोडली तरी ती न कळता सोडली, असं होऊ नये. यंदाच्या पेरणीला एक तुकडा त्याच्या नावानं आखून द्या.