तिलाही पान्हा फुटतो

मी देहूची. गेली बावीस वर्षं प्रसूती कक्षात परिचारिका आहे. नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट सांगते. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीचं पहिलं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. प्रसूती झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिला दाखवू नका, जिवाला लावून घेईल." मलाही ते पटलं. बाळ कपड्यात गुंडाळून मी बाहेर दिलं.

तिसऱ्या दिवशी तिने माझा हात धरला. "सिस्टर, त्याला केस होते का हो?"

मला सांगता येईना. मी नीट पाहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी तिची छाती दुधाने दाटून आली होती. तसं होईल हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जगात दर वर्षी सुमारे १९ लाख बाळं अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मतात. आईचा वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, वार आधीच सुटणं, अशी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. पण 'ग्रहण पाळलं नाहीस', 'जड उचललंस' असले बोल मात्र तिलाच ऐकावे लागतात.

आता मी आईला सरळ शब्दांत सांगते, की बाळ गेलंय. मग विचारते, "बघायचंय का?" नको म्हणाली तर आग्रह नाही, थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारायचं. बाहेर कागदांवर सह्या करत फिरणाऱ्या बापालाही आत बोलावते. हवे असतील तर पावलांचे ठसे घेऊन देते. शक्य असेल तर तिची खाट रडणाऱ्या बाळांपासून लांब ठेवते. दुधासाठी आधार देणारी चोळी, गार पट्ट्या आणि लागलीच तर डॉक्टरांनी दिलेली गोळी.

आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू येतात. बाळ गेलं, की लाडू कुणी वळत नाही. पण अंगाची झीज तीच असते, रक्तस्रावही तोच. ताप आला किंवा अंगावरून जास्त जाऊ लागलं, तर तिलाही लगेच दवाखान्यात न्यायला हवं.

तिला विश्रांतीचा हक्कही आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं होतं. कर्मचारी राज्य विमा योजनेतही पात्र कामगार स्त्रीला सव्वीस आठवड्यांनंतरच्या प्रसूतीचा लाभ मिळतो, मग बाळ जिवंत असो वा नसो. अनेक घरांना हे ठाऊक नसतं आणि ती पंधरा दिवसांत पुन्हा कामावर उभी राहते.

तुमच्या शेजारी असं घर असेल, तर 'दुसरं होईल' असं म्हणू नका. डबा घेऊन जा, जवळ बसा. ती बाळाबद्दल बोलली तर विषय बदलू नका.

मी आता प्रत्येक बाळाकडे नीट पाहते. केस, बोटं, नाक कुणासारखं आहे ते. आई केव्हाही विचारेल.